तात्यांच्या सरावाची वारसनोंद

तात्या गेले तेव्हा त्यांच्या मागे तीन वर्षांचा पळण्याचा सराव शिल्लक राहिला, आणि त्याची वारसनोंद करून घेणं भाग होतं. घर आणि साडेअकरा गुंठे जमीन त्यांनी रिटायर झाल्या झाल्याच आक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, सही घेऊन माझ्या नावावर करून टाकली होती. उरला होता तो फक्त सराव, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर सराव फार दिवस ठेवता येत नाही.

तात्या म्हणजे सर्जेराव ढाणे, एस.टी. डेपोत मेकॅनिक. चौतीस वर्षं गाड्यांखाली उताणे पडून काम केलं आणि रिटायर झाल्यावर उभे राहिले ते थेट पळायलाच लागले. आमच्या तालुक्यात डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ‘घाटमाथा साठ’ नावाची शर्यत होते. साठ किलोमीटर, डोंगरातल्या पायवाटांनी, बारा तासांच्या आत. तात्यांनी खाकी पँट गुडघ्यावर कापली आणि रोज पहाटे पावणेपाचला उठून मागच्या डोंगरावर जायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी शर्यतीला नाव दिलं नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. अजून मुरला नाही, म्हणायचे. तिसऱ्या वर्षी नाव दिलं, एकशे सतरा नंबर मिळाला, आणि ऑक्टोबरात चार दिवसांच्या तापात ते गेले. सराव मात्र पुरता मुरलेला होता.

मी महेंद्र, त्यांचा धाकटा. दूध संघात फॅट तपासायला बसतो. बसतो हे मी विचार करूनच म्हणतोय, कारण दिवसातून दोनदा चहाला उठण्याखेरीज मी दुसरी हालचाल करत नाही. तात्या पळून घामाघूम होऊन परत यायचे तेव्हा मी अंथरुणात कूस बदलत असायचो. त्यांनी मला कधी चल म्हटलं नाही. एकदाच दारात थांबून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले होते, आणि मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

तेरावं झाल्यावर मी तलाठी भिसे भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला आणि मृताने सराव कोणत्या प्रयोजनासाठी केला होता, ते विचारलं. मी शर्यतीचं सांगितलं. मग त्यांनी मला नियम समजावला. सराव माणसासोबत पळत असला तरी अंगात मुरलेला असतो, म्हणून तो स्थावरात धरतात. वारसांपैकी कुणीतरी ती शर्यत त्याच वर्षी, ठरलेल्या वेळात पुरी केली, तर वापरलेला सराव संपतो आणि न वापरलेला वारसांकडे कायम राहतो. शर्यत पुरी झाली नाही, तर सगळाच्या सगळा सरकारजमा. सरकारजमा सराव तहसील कचेरीच्या मागच्या खोलीत ठेवतात. दोन वर्षांपूर्वी तिथं एका पैलवानाचा सराव जमा झाला, तेव्हापासून दार आतून ढकललं जातं आणि शिपाई दाराला पाठ लावून बसतो.

जमीन आली तसा सरावही माझ्याकडेच येईल, असं मी धरून चाललो होतो. भाऊसाहेबांनी मान हलवली. वारस तीन, आई, बहीण आणि मी, आणि हिस्से समान. त्यांनी वाटपाचा तक्ता तिथल्या तिथे केला. पहिले वीस किलोमीटर अर्जदार म्हणून मला, मधले वीस आईला, शेवटचे वीस आक्काला. चतुःसीमाही लिहिल्या. माझ्या हिश्श्याच्या पूर्वेस शाळेचं मैदान, पश्चिमेस वेताळखिंड, दक्षिणेस पोटऱ्या, उत्तरेस मांड्या. आईच्या हिश्श्याला एका अंगाला भूक होती आणि दुसऱ्या अंगाला चिडचिड. आक्काच्या हिश्श्याला दोन्ही बाजूंनी श्वास.

“बहीण हक्क सोडेल की,” भाऊसाहेब म्हणाले. “सोडतातच.”

नोटीस चावडीवर पंधरा दिवस लागली. कुणाची हरकत आली नाही. सोळाव्या दिवशी सर्कल अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली, आणि त्याच संध्याकाळी पायातला मोजा काढताना माझा हात पोटरीला लागला तर ती पोटरी माझी नव्हती. ती लाकडासारखी घट्ट होती आणि तिच्यावर तात्यांच्या होत्या तशा शिरा होत्या. मी पाय सतरंजीखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला आई उठली. तिनं पाणी तापत ठेवलं, दाराची कडी काढली, आणि उंबऱ्यात उभी राहिली. तिला कुठं जायचं नव्हतं. तिचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात, ती देवळापलीकडे जात नाही. पण रोज बरोब्बर त्या वेळेला तिला जाग यायला लागली, आणि सकाळचं पहिलं खाणं मनासारखं नसलं की ती तात्यांसारखी पुटपुटायला लागली. तिखट कमी आहे, असं स्वतःच केलेल्या पोह्यांना म्हणायची. तात्या गेल्यापासून ती पहिल्यांदाच बऱ्यापैकी जेवत होती.

शर्यतीला तीन आठवडे राहिले होते. मी स्टॅम्पपेपरवर हक्कसोडपत्र टाइप करून घेतलं आणि आईनं निवडलेली साडी घेऊन फलटणला गेलो. जमिनीच्या वेळीही अशीच साडी होती. आक्का, म्हणजे वैजयंता, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दाजींची रोपांची नर्सरी आहे, खाली दुकान आणि वर घर. मी साडी तिच्या हातात दिली आणि कागद पुढे केला. तिनं साडी उलगडून बघितली, रंग चांगला आहे म्हणाली, परत घडी घातली आणि कागदावर ठेवली.

मी नियम सांगितला. ती म्हणाली, तिला ठाऊक आहे, भाऊसाहेबांची नोटीस तिलाही आली आहे. मग ती उठली आणि मला जिन्याच्या पायथ्याशी उभं केलं.

“ऐक,” म्हणाली, आणि मातीची पिशवी काखेत मारून वर चढायला लागली.

आक्काला पूर्वी चार पायऱ्यांत धाप लागायची. आता ती न थांबता चढत होती. दोन आखूड श्वास आत, एक लांब श्वास बाहेर. आणि त्या लांब श्वासाबरोबर एक बारीक शीळ. डेपोत एकदा पाना निसटून तात्यांच्या वरच्या दाताचा टवका उडाला होता, तेव्हापासून त्यांचा श्वास त्या फटीतून शीळ घालत बाहेर पडायचा. आक्काचे सगळे दात शाबूत आहेत. तरी शीळ वाजत होती. डोळे मिटले असते तर तात्याच वर चालले आहेत असं वाटलं असतं. मी डोळे मिटले नाहीत, कारण मी सही घ्यायला आलो होतो.

ती खाली आली. मी म्हटलं, हे सगळं खरं, पण सही केली नाहीस तर शेवटचे वीस किलोमीटर माझ्याच्यानं होणार नाहीत, आणि मग तुझंही जाईल, आईचंही जाईल.

“आणि सही केली तर तू ते पळून संपवणार,” आक्का म्हणाली. “म्हणजे तसंबी जाणार आणि असंबी जाणार. जमिनीला सही केली तवा मी काही बोलले का? साडी घेतली, जेवले, घरी आले. ह्याला न्हाई करणार. माझा वाटा मी पडीक ठेवणार हाय.”

“आणि मी काय करू?”

“पळ की. तुझं तू.”

परतीच्या एस.टी.त माझ्या डोक्यात नुसता राग होता. बाईमाणसाचा हट्ट, असं मी स्वतःशी म्हणत होतो, आणि साडी पिशवीत तशीच होती. दाजींनी चार झेंडूची रोपं दिली होती, तीही वाटेत कोमेजली.

भाऊसाहेबांना विचारलं, पडीक ठेवता येतो का. येतो, म्हणाले, मालकाची मर्जी. त्यातून मला जाता येईल का? जायला हरकत नाही, पायवाटेची वहिवाट सगळ्यांना असते, पण तिथलं काही घ्यायचं नाही. म्हणजे त्या वीस किलोमीटरमध्ये मी तात्यांचा श्वास वापरला तर ते अतिक्रमण धरलं जाईल. मग मी उद्यापासून स्वतःच सराव करतो, असं म्हटल्यावर भाऊसाहेबांनी टाक खाली ठेवला आणि मला तसं न करण्याबद्दल बजावलं. वडिलोपार्जित सरावात स्वकष्टार्जित सराव मिसळला की पुढे तो वेगळा काढता येत नाही, असल्या भानगडीतले दोन दावे अजून कोर्टात पडून आहेत. शर्यतीपर्यंत शक्य तितकं बसून राहा, असा त्यांचा सल्ला होता. मी तो मनापासून पाळला. तयारी म्हणून मी तीन आठवडे खुर्चीत काढले.

आईनं तिच्या हिश्श्याच्या हक्कसोडपत्रावर सही करायला आढेवेढे घेतले नाहीत. एवढंच विचारलं, की मग पावणेपाचला जाग यायची नाही का. मी म्हटलं, नाही यायची.

“बरं,” ती म्हणाली. “सही आज घे. पर लागू रविवारपासनं कर. शनिवार असू दे मला.”

भाऊसाहेबांनी तसं लिहून घेतलं.

रविवारी सहाला शाळेच्या मैदानावरून आम्ही दीडशे जण सुटलो. माझ्या छातीवर एकशे सतरा नंबर होता आणि खाली छापलं होतं, कै. सर्जेराव ढाणे यांचे वारस. अंगात तात्यांचा टी-शर्ट होता, तो पोटावर तंग होत होता. पहिल्या वीस किलोमीटरबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण ते मी पळालोच नाही. पाय पळत होते आणि मी वर बसून होतो. कारवीच्या झुडपांतून वाट वळायच्या आधी पाय वळायचे. दगड दिसायच्या आधी पाय उचलला जायचा. एका ओढ्यापाशी सगळे सरळ गेले आणि माझे पाय डावीकडून वर चढले, आणि पुढे कळलं की तिकडून पाणी टळतं. महागडे बूट घातलेल्या पुण्याच्या लोकांना मी मागे टाकत होतो आणि ते माझ्या पोटाकडे बघत होते. मला मजा वाटली आणि थोडी लाजही वाटली. तीन वर्षं त्या माणसानं हे जमवलं होतं आणि मी ते अडीच तासांत उधळत होतो.

वेताळखिंडीत भाऊसाहेब मोटरसायकल लावून उभे होते. त्यांनी वाटेवर फक्की मारून रेघ आखली होती. रेघ ओलांडली आणि तात्यांच्या पोटऱ्या गेल्या. म्हणजे जागेवर माझ्याच आल्या, दूध संघातल्या. मी तिथल्या तिथे खाली बसलो. भाऊसाहेबांनी घड्याळ बघून आठ चाळीस लिहिलं आणि आईचा हिस्सा आता लागू झाला असल्याचं सांगितलं.

मधल्या वीस किलोमीटरमध्ये पाय नव्हते, पण चिवटपणा होता. तात्यांचा चिवटपणा म्हणजे घरात सगळ्यांना नको झालेली गोष्ट. गंजलेला नट निघेना तर जेवण बाजूला ठेवून तीन तास त्याच्याशी झटणारा माणूस. तो आता माझ्या अंगात आला. गुडघे दुखत होते, पण थांबावं असं सुचतच नव्हतं. भूक लागत नव्हती. चिडचिड मात्र भरपूर होती. सरबत देणाऱ्या पोरीला मी मीठ कमी आहे म्हणून सुनावलं आणि लगेच मला शरम वाटली, कारण तो आवाज माझा नव्हता. त्या हिश्श्यात आणखी एक गोष्ट मला जाणवली. आईनं तो तीन आठवडे अंगाखांद्यावर वागवला होता, त्यामुळे तो जरा मऊ झाला होता. चिडचिडीच्या तळाशी कुठंतरी, खाल्लंस का, असं कुणीतरी विचारत होतं. एका चढावर मला कळून चुकलं की मी हे सगळं झिजवत चाललो आहे आणि मागे काही राहत नाहीये. वळून बघितलं तर नुसती धूळ.

चाळिसाव्या किलोमीटरला, पठारावरच्या पाण्याच्या टाकीपाशी, दुसरी रेघ होती. वेळ बारा वीस.

“इथून पुढं पडीक,” भाऊसाहेब म्हणाले. “पाच तास चाळीस मिनिटं आहेत. स्वतःच्या जबाबदारीवर जायचं.”

मी रेघेअलीकडे बसून मीठ लावलेले दोन उकडलेले बटाटे खाल्ले. अलीकडे बसलो तोवर अजून बरं वाटत होतं. मग उठलो आणि गेलो.

पुढचं मी पळालो असं म्हणणार नाही. मी गेलो. दर दहा पावलांना मांडीत पेटका येत होता. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख बुटात सुटं झालं होतं आणि उतारावर ते आपली जागा बदलत होतं. चिवटपणा संपलेला, त्यामुळे प्रत्येक दगड बसायच्या लायकीचा दिसत होता, आणि मी बऱ्याचशा दगडांवर बसलो. मी मागे टाकलेले सगळे एकेक करून पुढे गेले. पुण्याच्या एका बाईंनी मला खजूर दिला आणि काका, सांभाळून, म्हणाल्या. त्या माझ्याहून मोठ्या होत्या. माझ्याजवळ आता माझं स्वतःचं जे काही होतं तेवढंच होतं, आणि ते फार थोडं होतं.

तासभर मी आक्काला मनातल्या मनात भरपूर बोललो. मग बोलायलाही दम उरला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की मी कशासाठी चाललो आहे. माझा हिस्सा संपला होता, आईचा संपला होता. सहाच्या आत पोचलो नाही तर तहसीलच्या खोलीत जाणार होती ती फक्त आक्काच्या जिन्यावरची शीळ. तेवढीच राहिली होती. मी ज्या बाईवर चिडलो होतो तिचीच वस्तू डोक्यावर घेऊन चाललो होतो, आणि ती खाली ठेवायची सोय नव्हती.

सोनजाईची चढण अठ्ठेचाळिसाव्या किलोमीटरला लागते. चढण म्हणजे भिंतच, हात टेकून चढायची. दोन वाजून गेले होते आणि डोक्यावर ऊन होतं. अर्ध्यात माझा दम संपला. तोंड उघडं पडलं, छातीत भाता वाजायला लागला आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले. आणि तिथं, अगदी जवळ, मला तो श्वास सापडला. शेजारच्या शेतातल्या झाडाची फांदी आपल्या बांधावर यावी तसा तो माझ्या तोंडाशी होता. दोन आखूड, एक लांब. घेतला की चढण संपली. आजूबाजूला माणूस नव्हतं. भाऊसाहेबांची मोटरसायकल तिथं पोचतच नाही.

मी एक आखूड श्वास घेतला. मग दुसरा. छाती एकदम मोकळी झाली, ठिपके गेले, आणि जिभेवर ग्रीस आणि चहा यांची चव आली. तात्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या तोंडाला यायचा तोच वास. आता फक्त लांब श्वास सोडायचा होता. तो सोडला असता तर शीळ वाजली असती आणि मग मी थांबलोच नसतो. मी तोंडावर हात दाबून धरला आणि तिथंच कारवीच्या बुंध्याला धरून बसलो. मला रडू आलं. तात्या गेल्यापासून पहिल्यांदा आलं, आणि रडतानाही मला जपून रडावं लागलं, कारण हुंदका लांब श्वासासारखाच बाहेर पडतो.

बऱ्याच वेळानं मी माझा स्वतःचा श्वास सोडला. तो घाणेरडा आणि तुटका होता. त्या श्वासावर मी वर गेलो.

बावन्नाव्या किलोमीटरला वाट डांबरी रस्त्याला लागते. तिथं भाऊसाहेब तपासणीसाठी थांबले होते. त्यांनी मला तीन वेळा श्वास घ्यायला लावला आणि छातीजवळ कान आणून ऐकलं.

“तुमचाच आहे,” ते म्हणाले. “फार वाईट आहे.”

शेवटचे आठ किलोमीटर मला आठवत नाहीत. एक कुत्रं बराच वेळ बरोबर होतं, ते कंटाळून परत गेलं. शाळेच्या मैदानावर मी पोचलो तेव्हा मांडव काढायला सुरुवात झाली होती. घड्याळ पाच चोपन्न दाखवत होतं. बारा तासांना सहा मिनिटं बाकी होती. आई खुर्चीवर बसली होती आणि आक्का तिच्यामागे उभी होती. मला वाटलं होतं ती येणार नाही.

मी जमिनीवर आडवा झालो. आईनं माझे बूट काढले आणि नखाकडे बघून तोंड फिरवलं. आक्का शेजारी येऊन बसली आणि तिनं पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली.

“सोनजाईला घेतलास?” तिनं विचारलं.

भाऊसाहेब दोन पावलांवर उभे राहून पंचनामा लिहीत होते. खोटं बोलता आलं असतं.

“दोन घेतले,” मी म्हटलं. “आत घेतले. बाहेर न्हाई सोडला.”

भाऊसाहेबांचा टाक थांबला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हे अतिक्रमण होतं असं सांगितलं. क्षेत्र किरकोळ असल्यामुळे ते नियमित करता येईल, मात्र त्याला मूळ मालकाची ना हरकत लागेल. नाहीतर शर्यत बाद.

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी धुळीनं माखलेलो होतो आणि माझ्या नाकातून पाणी वाहत होतं.

“हरकत न्हाई,” ती म्हणाली. “त्याला असू द्यात दोन.”

भाऊसाहेबांनी तसं लिहिलं आणि तिघांच्या सह्या घेतल्या. आठवड्यानं फेरफाराचा उतारा मिळाला. शेवटचे वीस किलोमीटर मी स्वतः केलेले, म्हणून माझ्या नावावर लागले आहेत. स्वकष्टार्जित, वीस किलोमीटर, जिरायत, प्रत हलकी. शेजारी वेगळ्या ओळीत, दोन आखूड श्वास, अतिक्रमण नियमित. आक्काच्या नावापुढे वीस किलोमीटर, पडीक, कायम.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मी पावणेपाचला जागा होतो. अंग इतकं दुखत होतं की झोप लागलीच नव्हती. मी कडी वाजायची वाट बघत पडून राहिलो. कडी वाजली नाही. आई साडेसहाला उठली, पोहे केले आणि काही न बोलता खाल्ले. तिखट होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बरं आहे. मला फार वाईट वाटलं, आणि तिला ते दिसू नये म्हणून मी लंगडत कामावर गेलो.

आता आई महिन्यातून चार दिवस फलटणला राहते. आक्काच्या श्वासाचं काय, असं मी भाऊसाहेबांना विचारून घेतलं आहे. जिना चढणं घरगुती वापरात धरतात, त्यानं सराव झिजत नाही. आई पायथ्याशी स्टुलावर बसते. आक्काचं वर काही काम नसलं तरी ती दिवसातून तीन-चारदा मातीची पिशवी घेऊन वर जाते. दाजींनी वर आता एवढी माती कशाला, असं एकदाच विचारलं.

आईला न्यायला मी जातो. दूध संघात बसल्या बसल्या कधीतरी ते दोन श्वास माझ्या छातीत येतात आणि तसेच अडकून राहतात, पुढचा येत नाही. ते घेऊनच मी एस.टी.त बसतो. फलटणला पोचलो की साडी नेसलेली आक्का, तीच ती साडी, शेवटी मी ती तिला अशीच दिली, जिन्याच्या तोंडाशी उभी असते. मी आईच्या शेजारी खालच्या पायरीवर बसतो आणि माझे दोन घेतो. आक्का वर चढता चढता तिसरा सोडते.

पायऱ्या चौदा आहेत. आई म्हणते, तेवढ्या पुष्कळ झाल्या.